चाळीस-शहात्तर

लाल किल्ल्याकडून चांदणी चौकात शिरलं की उजव्या हाताला भागीरथ पॅलेस लागतो. नावात राजवाडा आहे, पण आत सगळ्या अरुंद गल्ल्या, आणि गल्ल्यांत विजेचा घाऊक बाजार. दुकानांच्या दारात, हातगाड्यांवर, हमालांच्या पाठीवर तारांची भेंडोळी. नोएडाच्या घरी हॉलमधल्या मागच्या स्पीकरांसाठी मला तार हवी होती. अॅम्प्लिफायर टीव्हीखाली, स्पीकर सोफ्यामागे. भिंतीच्या कडेकडेनं मोजलं तर अंतर 12 मीटर. दुकानदारानं विचारलं, "चौदह-छिहत्तर दूँ, तेईस-छिहत्तर, या चालीस-छिहत्तर?"

मला तार जाड किंवा बारीक एवढीच ठाऊक होती. त्यानं ब्लेडनं टोक सोललं आणि आतले तंतू तळहातावर पंख्यासारखे पसरले. मोजले तर चाळीस भरतात. शहात्तर म्हणजे प्रत्येक तंतूची जाडी, 0.0076 इंच. मिलिमीटरमध्ये 0.19, म्हणजे दोन-तीन केसांएवढी. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे 1956 साली झाला, घरच्या वायरिंगची तार आता सगळे 'डेढ़ एमएम', 'ढाई एमएम' अशीच मागतात (हे एमएम म्हणजे खरं तर चौरस मिलिमीटर), पण या लवचीक तारेच्या नावात इंचाचा दहा हजारावा भाग अजून जिवंत आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं. चाळीस तंतूंचं क्षेत्रफळ काढलं तर 1.17 चौरस मिलिमीटर येतं, चौदा तंतूंचं 0.41.

हा बाजार ज्या जागेवर आहे ती स्वतःची फौज बाळगणाऱ्या बेगम समरूची हवेली. 1803 साली जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूनं होत्या. तार घ्यायला आलेल्या मराठी माणसानं क्षणभर थांबावं अशी ही जागा आहे.

तर प्रश्न असा: तार जाड घेतली तर गाणं खरंच चांगलं ऐकू येतं का?

आधी तारेत काय चालतं ते पाहू. आपल्या मनात चित्र असतं ते नळातल्या पाण्याचं. अॅम्प्लिफायरमधून इलेक्ट्रॉन निघाले, धावत स्पीकरपर्यंत पोचले, आवाज आला. प्रत्यक्षात कुणीच कुठे पोचत नाही. काळी एक पट्टीतला तानपुऱ्याचा षड्ज घ्या, सेकंदाला सुमारे 139 कंपनं. घरात आरामात ऐकताना स्पीकरला साधारण एक वॅट जातो. तेवढ्यासाठी चाळीस-शहात्तरमधले इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून 36 नॅनोमीटर पुढे सरकतात, परततात, तितकेच मागे जातात, आणि हे सेकंदाला 139 वेळा. केसाची जाडी त्या अंतराच्या हजार-दोन हजार पट असते. म्हणजे भैरवी संपेपर्यंत टीव्हीखालचा इलेक्ट्रॉन टीव्हीखालीच असतो. बारा मीटरचं अंतर कापते ती विद्युतक्षेत्राची ढकल, आणि तिला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. तारेतल्या तांब्यात गाणं असतं ते अशा अदृश्य डोलण्याच्या रूपात. हे गणित मी वहीत तीनदा करून पाहिलं, कारण उत्तरावर विश्वास बसेना.

आता जाडीचं कोडं आपोआप सुटतं. तेवढाच प्रवाह जाड तारेतून गेला तर डोलायला माणसं जास्त, म्हणून प्रत्येकाला डोलायचं कमी. अडीच एमएमच्या तारेत तोच षड्ज 17 नॅनोमीटरांत भागतो. हालचाल कमी तशी तांब्याच्या थरथरत्या अणूंशी होणारी टक्कर सौम्य, आणि टकरीत उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जाही कमी. या अडथळ्याला आपण शाळेत विद्युत रोध म्हणून शिकलो. गेऑर्ग ओहमनं 1827 साली त्याचा नियम मांडला: तार दुप्पट लांब तर रोध दुप्पट, छेद दुप्पट तर रोध निम्मा. म्हणून "किती जाड?" हा प्रश्न "किती लांब?" या प्रश्नाशिवाय अर्धाच राहतो. 1851 मध्ये कलकत्त्याहून डायमंड हार्बरकडे तारायंत्राची पहिली लाइन टाकताना विल्यम ओशॉनेसीनं तार वापरलीच नाही, तीन अष्टमांश इंच जाडीच्या लोखंडी सळ्या वापरल्या. लोखंडातून वीज तांब्याच्या जेमतेम सहाव्या हिश्शानं वाहते. सळीच्या जाडीनं ती कसर भरून निघाली, आणि मजबुतीही मिळाली.

माझ्या 12 मीटरचा हिशोब असा. जाण्याची एक आणि येण्याची एक, म्हणजे 24 मीटर तांबं. चौदा-शहात्तरमध्ये त्याचा रोध जवळपास एक ओहम, चाळीस-शहात्तरमध्ये 0.35, अडीच एमएममध्ये 0.19. स्पीकरच्या पाठीवर '8 ओहम' छापलेलं असतं. त्याच्यापुढे एक ओहम म्हणजे शक्तीचा नववा हिस्सा तारेतच गेला. पण तेवढ्यानं काही बिघडत नाही, आवाजाचं बटण किंचित फिरवलं की भरपाई होते. खरी गोष्ट त्या छापील आठमध्ये दडलेली आहे.

स्पीकर सगळ्या सुरांना आठ ओहम नसतो. खर्जात एका ठिकाणी, जिथे त्याचा पडदा आपल्या नैसर्गिक लयीत झुलू लागतो, तिथे तो 30 ओहमपर्यंत चढतो. आणखी कुठे चारपर्यंत उतरतो. प्रत्येक स्पीकरचा हा चढउतार वेगळा. आता तारेचा एक ओहम मध्ये आला की तीसच्या डोंगरावरचा सूर 0.3 डेसिबलनं घटतो आणि चारच्या दरीतला 1.9 डेसिबलनं. म्हणजे एक सूर दुसऱ्याच्या तुलनेत 1.6 डेसिबलनं दबला. हे बटण फिरवून भरून निघत नाही, कारण गाण्याचा रंगच हलला. कान देऊन ऐकणाऱ्याला एवढा फरक कळतो. डग्ग्याचा घुमारा जरा फुगल्यासारखा होतो, गळ्यातलं काहीतरी मागे सरकतं. तेव्हा बारीक तार वाईट म्हणणाऱ्यांचे कान खोटं बोलत नाहीत.

अडीच एमएम घेतली की हीच तफावत 0.35 डेसिबलवर येते. तिथून पुढे चार एमएम घेतली तर सुधारणा किती? आणखी 0.13 डेसिबल. एवढं माणसाच्या कानाला कळत नाही. आणि टीव्हीशेजारच्या पुढच्या स्पीकरांना तार तीनच मीटर लागते, तिथे साधी तेवीस-शहात्तर 0.15 ओहमांत काम करते. म्हणजे मागच्या महागड्या अडीच एमएमपेक्षाही कमी! ढोबळ नियम म्हणून इतकं पुरे: जाण्यायेण्याचा मिळून रोध स्पीकरच्या छापील ओहमांच्या 5 टक्क्यांत ठेवावा. आठ ओहमच्या स्पीकरला दीड एमएमची तार 15 मीटरपर्यंत चालते, अडीचची 25 मीटरपर्यंत. स्पीकर चार ओहमचा असेल तर अंतरं निम्मी.

करंगळीएवढ्या जाड तारेचा मोह कुणाला पडला तर त्यानं स्पीकरच्या आत काय आहे ते आठवावं. पडद्यामागे चुंबकाच्या फटीत एक गुंडाळी असते, व्हॉइस कॉइल. ती बारीक तारेचीच असते, आणि आठ ओहमच्या स्पीकरमध्ये तिचा नुसता रोधच सहा ओहमांच्या आसपास. बाहेरून कितीही रुंद रस्ता बांधा, शेवटी त्या बोळातून जावंच लागतं. तो बोळ असतो म्हणूनच तर पडदा हलतो.

जाडीपेक्षा मला जास्त चिंता वाटते ती तांब्याची. बाजारात बाहेरून तांब्याचा मुलामा आणि आतून अॅल्युमिनियम अशी तारही मिळते. अॅल्युमिनियम वीज वाहतं तांब्याच्या सुमारे 60 टक्के. त्यामुळे अडीच एमएमची मुलाम्याची तार कामाला जेमतेम दीड एमएमच्या तांब्याइतकी. ओळखायची रीत सोपी आहे. एक तंतू घ्यायचा, ब्लेडनं हलकेच खरवडायचा आणि उजेडात धरायचा. आत चंदेरी चमकलं तर ते तांबं नव्हे. भेंडोळं हातात तोलूनही कळतं, कारण तांबं अॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड. प्लास्टिकच्या जाड वेष्टनावर तर जाऊच नये, त्यातून काही वाहत नाही.

मी चाळीस-शहात्तरच घेतली. 0.35 ओहम, पाच टक्क्यांच्या आत.

पण तारेच्या जाडीवरचं सगळ्यात सुंदर उत्तर मला गणपतीत दिसलं, सोसायटीच्या मांडवात. मांडव क्लबहाउसजवळ आणि शेवटचा कर्णा पार मागच्या फाटकावर, दोनशे मीटर लांब. तिथवर गेलेली तार माझ्या हॉलमधल्या तारेपेक्षा बारीक होती, तरी आरती स्वच्छ ऐकू येत होती. अहुजा कंपनीच्या अॅम्प्लिफायरच्या मागे 4, 8 आणि 16 ओहमांच्या शेजारी 70 आणि 100 व्होल्ट असंही लिहिलेलं असतं. शंभर वॅट आठ ओहमात घालायचे तर 28 व्होल्ट आणि साडेतीन अँपिअर लागतात. तेच 100 व्होल्टवर पाठवले तर एक अँपिअर पुरतो. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गानं वाढतो, म्हणून प्रवाह साडेतीनचा एक झाला की तोटा बारा पटींनी उतरला. कर्ण्याच्या पाठीशी मुठीत मावेल असा ट्रान्सफॉर्मर असतो, तो व्होल्ट पुन्हा उतरवून देतो. धरणावरून शहरात वीज आणतात तीही याच युक्तीनं. साउंडवाल्या पोरानं पेचकसानं 100 व्होल्टचा स्क्रू आवळला, माइकवर दोनदा टिचकी मारली, आणि मागच्या फाटकावरचा पहारेकरी मान वर करून कर्ण्याकडे पाहू लागला.