मतदार जागृतीचा पैसा : दाता कोण, वस्ती कोणती?

लेखमाला : संस्था आणि पैसा – लेखांक ७

२०२४च्या लोकसभेला दौंडने ७ मे रोजी मतदान केले आणि शिरूरने १३ मे रोजी. तालुके शेजारचे, मध्ये भीमा. पण दौंड बारामती मतदारसंघात आणि शिरूर आपल्याच नावाच्या मतदारसंघात, म्हणून सहा दिवसांचे अंतर. बारामतीत ५९ टक्क्यांवर मतदान झाले, शिरूरमध्ये ५४ टक्क्यांच्या आसपास. अर्थात त्यात भोसरी आणि हडपसर हे शहरी भागही येतात. हा आकडा वाढावा म्हणून झटणाऱ्या, कोणत्याही पक्षाच्या नसलेल्या संस्थांना पैसे कोण देते आणि कोणाचे घ्यावेत, हा या आठवड्याचा विषय.

आधी खर्च कशावर होतो ते पाहू. ‘मतदान करा’ असे सांगायला फारसे लागत नाही. निवडणूक आयोगाचा ‘स्वीप’ कार्यक्रम २००९पासून चालू आहे. प्रभात फेरी, रांगोळी, शपथ, २५ जानेवारीचा मतदार दिन हे सारे त्यात होते आणि त्यासाठी राबतात शिक्षक व अंगणवाडी सेविका. कमी पडते ते यादीचे काम. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत मराठवाड्यातून, विदर्भातून, परराज्यांतून आलेली माणसे भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि त्यांचे नाव असते गावाकडच्या यादीत. ते इकडे आणायचे तर नमुना ८ भरायचा, इथल्या पत्त्याचा पुरावा जोडायचा. आणि खोलीमालक भाडेकरार लिहून द्यायला नाखूश. लग्न होऊन आलेल्या सुनेची अडचण वेगळी, पालावरच्या कुटुंबाची आणखी वेगळी, पण काम तेच : दारोदार जाणे, कागद जमवणे, बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) चकरा मारणे. त्याला माणूस लागतो. त्याचे मानधन, पेट्रोल, झेरॉक्स, आणि हे सगळे वर्षभर, कारण नाव नोंदवण्यासाठी आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांची १ तारीख पात्रतेसाठी धरली जाते.

ऊसतोड कामगारांचा प्रश्न याहून नाजूक. त्यांचे नाव बीड-अहिल्यानगरच्या गावातच असायला हवे. इथला मुक्काम हंगामापुरता. २०२४च्या विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन गाळपाच्या तोंडावर आले. अशा वेळी मजुरांना गावी न्यायला टेम्पो कोणी केला, यावरच निम्मी मते ठरतात, असे बोलले जाते. उमेदवाराने मतदारांना फुकट वाहन पुरवणे हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. संस्थेने पुरवले तरी लोक विचारणारच, टेम्पो कोणाचा?

आता पैशाच्या वाटा. परदेशी देणगीची वाट जवळपास बंद धरावी. २०१०चा एफसीआरए कायदा राजकीय पक्षाला, उमेदवाराला आणि ‘राजकीय स्वरूपाच्या’ संघटनेला असा पैसा घेऊ देत नाही. लोकांच्या प्रश्नावर बंद-मोर्चाला पाठिंबा दिला एवढ्यावरून, सक्रिय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेवर हा शिक्का मारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२०मध्ये म्हटले. दिलासा मिळाला, पण त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परदेशी निधी एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली. पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेकडून तालुक्याच्या छोट्या संस्थेकडे येणारा ओघ तिथेच थांबला.

दुसरी वाट सीएसआरची. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करायला सांगितले आणि आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यायला सांगितले. पण अशा कामांची यादी देणाऱ्या त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत मतदार नोंदणीचे नाव नाही. राजकीय पक्षाला दिलेला पैसा सीएसआर ठरत नाही, हे मात्र नियमांत स्पष्ट आहे. त्यामुळे कंपनीचा अधिकारी ‘मतदार’ हा शब्द ऐकला की सावध होतो आणि शाळेला बाके देऊन मोकळा होतो. त्याला दोष द्यावासा वाटत नाही.

उरतो स्थानिक पैसा, आणि खरा पेच इथे आहे. या दोन तालुक्यांत कारखाना, बँक आणि विधानसभा या वेगळ्या गोष्टी नाहीत. दौंडचे आमदार राहुल कुल भीमा पाटस कारखान्याचे अध्यक्ष. २०२४मध्ये त्यांच्याविरुद्ध लढलेले रमेश थोरात जिल्हा मध्यवर्ती बँकेचे माजी अध्यक्ष. शिरूरचे माजी आमदार अशोक पवार यांच्याकडे घोडगंगा कारखान्याचे अध्यक्षपद वर्षानुवर्षे होते. यात बेकायदा काही नाही, सहकाराची घडणच तशी आहे. पण अशा तालुक्यात मोठी देणगी देऊ शकणारा बहुधा कोणाचा तरी माणूस असतो.

पत्रकावर पक्षाचे चिन्ह नाही, म्हणजे झाले निःपक्षपाती काम? १९६७मध्ये अमेरिकेत फोर्ड फाउंडेशनने क्लीव्हलँड शहरातील एका नागरी हक्क संघटनेला निधी दिला. त्यातला काही मतदार नोंदणीवर, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांत, खर्च झाला. कोणालाही मत द्या, असेच सांगितले गेले असेल. त्याच वर्षी कार्ल स्टोक्स हे कृष्णवर्णीय उमेदवार महापौर झाले आणि गदारोळ उठला. १९६९च्या करकायद्याने खाजगी प्रतिष्ठानांवर बंधन आले : नोंदणीसाठी निधी द्यायचा तर घेणाऱ्या संस्थेचे काम किमान पाच राज्यांत आणि एकाहून अधिक निवडणुकांत पसरलेले हवे. त्या वस्त्यांतले लोक खरोखरच यादीबाहेर होते, म्हणून मला तो कायदा जरा जाचकच वाटतो. पण त्यामागची शंका खरी आहे. कोणत्या वस्तीत आधी गेलात, यातच अर्धा निकाल असतो.

म्हणून माझे मत असे : एकाच दात्याचा मोठा धनादेश घेऊन निवडणुकीच्या तोंडावर सुरू होणारी मोहीम संशयास्पदच धरावी. शंभर जणांच्या छोट्या पावत्या, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेला जमाखर्च, आणि आचारसंहिता लागण्याच्या कितीतरी आधी जाहीर केलेली गावांची व वस्त्यांची यादी, एवढे असले तर पैसा कोणाचा हा प्रश्न बराच सौम्य होतो.

तुम्ही अशा संस्थेचे विश्वस्त असाल आणि कोणी मोठी रक्कम देऊ करत असेल, तर पावती फाडण्याआधी एवढेच विचारा : कुठल्या वस्त्यांत जायचे हे कोण ठरवणार? उत्तर ‘आम्ही सांगू’ असे आले, तर चहा पाजून त्यांना निरोप द्या.