रोशा गवताचा सुवास

गेल्या पावसाळ्यात कुंभारवाड्याला गेलो, तेव्हा आत्याबाईंच्या गुडघ्यावर पुरळ उठून कातडी लालबुंद झालेली दिसली. कुणा पाहुण्याने 'सुगंधोपचारा'च्या तेलाची इवलीशी बाटली दिली होती. सांधेदुखीवर रामबाण म्हणून त्यांनी ती तशीच चोळली होती. बूच काढून हुंगले, तो गुलाबाचा भास झाला. तेल होते रोशा गवताचे.

हे परकीय नवल नव्हे. संस्कृतात ज्याला रोहिष म्हणतात, तेच हे तृण. खानदेशच्या कोरड्या टेकड्यांवर ते फुलोऱ्यास आले, की कापून ओढ्याकाठी भट्ट्या लावीत. हंड्यात गवत आणि पाणी उकळायचे, वाफ नळीवाटे थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची आणि पाण्यावर तरंगणारे तेल अलगद काढून घ्यायचे. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि पुढे बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात बेमालूम मिसळले जाई! लबाडी खरी, पण तिच्या मुळाशी रसायनशास्त्र होते. गुलाबाच्या गंधातील जिरेनिऑल हे द्रव्य रोशाच्या तेलात बहुधा सत्तर टक्क्यांहून अधिक असते.

सुगंधोपचाराला आजचे नाव मिळाले ते गात्तफोसे या फ्रेंच रसायनज्ञाच्या १९३७ सालच्या ग्रंथामुळे. प्रसन्न गंधाने मन निवते, हे कोण नाकारील? जिरेनिऑलने डास काही काळ दूर राहतात, प्रयोगशाळेत काही जंतूही मरतात. परंतु त्यावरून संधिवात बरा होतो असे म्हणणे म्हणजे विक्रेत्याचे धाडस. शिवाय हेच जिरेनिऑल काहींच्या त्वचेला मुळीच सोसत नाही.

म्हणून अंगाला लावायचे झाल्यास दोन मोठे चमचे खोबरेल तेलात सहा थेंबच घालावेत. आधी कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. पोटात घेऊ नये. तान्ह्या मुलांच्या नाकाशी तर कुठलेच उग्र तेल नेऊ नये. कापूर किंवा पुदिन्याच्या अर्काने त्यांचा श्वास कोंडू शकतो.

आत्याबाईंची कातडी आठवड्याभरात निवळली. गुडघ्यांसाठी त्या डॉक्टरांकडे गेल्या. बाटली मात्र त्यांनी टाकली नाही. तिन्हीसांजेला ओटीवर वाडगाभर ऊन पाण्यात दोन थेंब टाकतात आणि पावसाचा कुबट वास तेवढा जातो म्हणतात.