तीन महिन्यांच्या गोळ्या, सहा महिन्यांचा मुक्काम

कोपरीतील आमच्या शेजारी राहणारे निवृत्त शिक्षक दांपत्य अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आले. निघताना बॅगेत कपड्यांच्या आधी जागा राखली होती ती गोळ्यांसाठी. तरीही अखेरीस त्या अपुऱ्या पडल्या. मुलावर भार नको म्हणून बाईंनी कोणाला न सांगता रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली. मुलगा डॉलरमध्ये कमावतो आणि आई गोळ्या मोजते, ही विसंगती केवळ कौटुंबिक नाही.

तेथे वृद्धांसाठी असलेली मेडिकेअर योजना पाहुण्यांना लागू नाही. प्रवासी विम्यातून जुन्या आजारांची नेहमीची औषधे बहुधा वगळलेली असतात. पाहुण्याला सामान्यतः सहा महिने राहता येते. पण सोबतची औषधे नव्वद दिवसांपुरतीच असावीत, असा तेथील औषध प्रशासनाचा सर्वसाधारण दंडक आहे. आखाती देशांतील अडचण निराळी. कोडीन वा ट्रॅमाडॉल असलेले औषध संयुक्त अरब अमिरातीत पूर्वपरवानगीवाचून नेणे हा गुन्हा ठरू शकतो. आपल्याकडील खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, हे किती प्रवाशांना ठाऊक असते?

गोळ्या संपल्यावर तेथील डॉक्टरांपुढे आपली चिठ्ठी ठेवावी, तर तीवर केवळ व्यापारी नाव. त्यातून दोन-तीन औषधे एकत्र केलेली गोळी. तशी गोळी तेथे मिळेलच असे नाही. मूळ नावेही क्वचित बदलतात. आपले पॅरासिटामॉल तेथे ॲसिटामिनोफेन होते, तर दम्याचे साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल.

आपल्या गोळ्यांची स्वस्ताई काही आकाशातून पडलेली नाही. १९७० चा पेटंट कायदा १९७२ साली अंमलात आला. त्याने औषधावर नव्हे, तर ते बनविण्याच्या पद्धतीवरच पेटंट मान्य केले. निराळ्या पद्धतीने तेच औषध बनविणारे अनेक कारखाने उभे राहिले आणि स्पर्धेने किमती खाली आल्या. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार १ जानेवारी २००५ पासून औषधावरही पेटंट मिळू लागले. तेव्हा जुन्या गोळ्यांची स्वस्ताई नव्या औषधांच्या वाट्याला येईल, असे गृहीत धरता येत नाही.

मग करावे काय? निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून मूळ नाव, मात्रा आणि आजार स्पष्ट लिहिलेले पत्र घ्यावे. गोळ्या मूळ वेष्टनात, हाताशी ठेवाव्यात. तीन महिन्यांनंतरची तजवीज आधीच करावी. परंतु एवढ्याने भागत नाही. डॉक्टरांनी औषधांची मूळ नावे सुवाच्य अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत २०१६ साली झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये याविषयी अधिक कडक नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले.

हा प्रश्न विमानाने जाणाऱ्यांचाच आहे, असे कोणी समजू नये. चिठ्ठीवर मूळ नाव असेल, तर कोपरीतच राहणाऱ्या निवृत्त कारकुनालाही जनऔषधी केंद्रात जाऊन तेच औषध स्वस्तात मागता येईल. एक दिवसाआड गोळी घेणारी माणसे केवळ अमेरिकेतच असतात असे नाही.