गाडीत स्टेपनी नाही? मग ही तयारी आधीच करा



रात्री-अपरात्री आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असो की पहाटेचा लिलाव गाठायचा असो, आता पुष्कळ घरी ट्रॅक्टरच्या शेजारी चारचाकीही उभी असते. पण नवी गाडी घेतली, डिकीतली फळी उचलली, तर खाली स्टेपनी असेलच असे नाही. तिथे एक बाटली आणि छोटा पंप ठेवलेला दिसेल. बाभळीच्या काट्याने टायर बसल्यावर हे लक्षात आले तर फार उशीर झालेला असतो. म्हणून ही माहिती आजच वाचा.

स्टेपनी का गेली?

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीला ट्यूबलेस टायर, हवेचा दाब कळवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी देणे सक्तीचे राहिले नाही. चाक नसले की गाडीचे वजन कमी होते, डिकीत जागा होते आणि विजेवरच्या गाडीत बॅटरीलाही जागा मिळते. सगळ्याच कंपन्यांनी स्टेपनी बंद केलेली नाही. तेव्हा गाडी घेताना डिकी उघडून दाखवायला सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

बाटली काय करते?

बाटलीत चिकट द्रव असतो. पंपाने तो टायरमध्ये सोडायचा आणि हवा भरायची. चाक फिरू लागले की द्रव आत सगळीकडे पसरतो, हवेच्या दाबाने छिद्राकडे ओढला जातो आणि तिथे बसून छिद्र बुजवतो. म्हणूनच हवा भरून झाल्यावर लगेच थोडे अंतर गाडी चालवावी लागते.

या द्रवाचे काम मर्यादित आहे, हे पक्के ध्यानात ठेवा. टायरचा जमिनीला टेकणारा, नक्षीचा भाग असतो, तिथले खिळ्याचे किंवा काट्याचे छिद्र तो बुजवतो. तेही साधारण ४ ते ६ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे पेन्सिलीपेक्षा बारीक. टायरची बाजू फाटली, धोंड्यावर आपटून रिम वाकली किंवा टायर रिमवरून सुटला, तर बाटलीचा उपयोग नाही. तिथे गाडी उचलून न्यावी लागते.

पंक्चर झाल्यावर काय करावे?

१. समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागतो. नालेच्या आकारात उद्गारचिन्ह, अशी त्याची खूण असते. तो दिसताच वेग हळूहळू कमी करा, करकचून ब्रेक मारू नका. सपाट, सुरक्षित जागी गाडी कडेला घ्या, चारी इंडिकेटर लावा आणि हँडब्रेक ओढा.

२. काटा किंवा खिळा दिसला तरी उपटू नका. ट्यूबलेस टायरमध्ये तोच बुचाचे काम करतो. पुष्कळदा हवा हळूहळूच जाते. अशा वेळी नुसती हवा भरूनही जवळचा पंक्चरवाला गाठता येतो.

३. हवा झपाट्याने जात असेल तर बाटली वापरा. बाटलीवर आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमानेच जोडणी करा. पंपाची वायर गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसते. चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरा. पंप तापतो, त्यामुळे सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त चालवू नका.

४. थोडे अंतर जाऊन थांबा आणि हवा पुन्हा मोजा. हवा पुन्हा बरीच उतरली असेल, तर पुढे जाऊ नका. टिकली असेल, तर पुस्तिकेतला वेग सांभाळून, बहुधा ताशी ८० किलोमीटरच्या आत, थेट पंक्चरच्या दुकानात जा.

५. आत द्रव सोडला आहे हे पंक्चरवाल्याला सांगा. टायर उतरवून आतून धुवावा लागतो, दाब मोजणारा सेन्सरही पुसावा लागतो. टायर उतरवला की आतून मशरूम प्लग बसवून घ्या. बाहेरून खोचलेली पट्टी ही तात्पुरती सोय समजावी.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. ‘गाव जवळच आहे’ म्हणून बसलेल्या टायरवर गाडी रेटू नका. रिमखाली टायरच्या बाजू चिरडतात. दुकानात थोडक्या पैशांत भागले असते, तिथे नवा टायर घ्यावा लागतो.

आज करायची तयारी

• बाटलीवरची मुदत पाहा. मुदत संपलेला द्रव ऐन वेळी दगा देतो. एकदा वापरलेली बाटली बदलून घ्या.

• दिवसाउजेडी, घरासमोर, पंप एकदा चालवून पाहा. द्रव सोडू नका, नुसती हवा भरा. घरातल्या दुसऱ्या चालकालाही शिकवा.

• दर पंधरवड्याला, गाडी थंड असताना, चारही टायरची हवा तपासा. शेतातून आल्यावर टायरवर नजर फिरवून काटे बघा.

• बांधावरची, खडीची वाट रोजची असेल, तर त्याच गाडीला बसणारे जादा चाक, जॅक आणि पाना विकत घेऊन ठेवणे शहाणपणाचे. काळ्या भुसभुशीत जमिनीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी घ्या. दुसऱ्या चाकांना दगड लावा. जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

• बॅटरी, पट्टा आणि गाडी उचलून नेणाऱ्याचा नंबर जवळ ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३, आणि जिवावरचा प्रसंग असेल तर ११२ हा नंबर लावा.

पेरणीच्या आधी आपण पाभर तपासतो, पाऊस आल्यावर नाही. गाडीचेही तसेच आहे. आज संध्याकाळी डिकीतली फळी उचला आणि खाली काय आहे ते बघून घ्या. हे पत्रक गाडीच्या खणात ठेवा आणि शेजाऱ्यालाही वाचायला द्या.