सायक्लोस्पोरिनमागचे जनुक
प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध टॉलिपोक्लेडियम इन्फ्लेटम या बुरशीपासून मिळते, आणि मातीत सापडणारी ही बुरशी भुंगेऱ्यांच्या अळ्यांनाही ग्रासते. अकरा अमिनो आम्लांचे हे वलयाकार संयुग रायबोसोमवर, म्हणजे पेशीच्या नेहमीच्या प्रथिननिर्मिती केंद्रात, घडत नाही; सिम-ए या एकाच जनुकापासून बनणारे, पंधरा हजारांहून अधिक अमिनो आम्लांचे अवाढव्य विकर (एन्झाइम) आपल्या अकरा विभागांत एकेक आम्ल निवडून क्रमाने जोडत जाते. साखळीचा आरंभ करणारे डी-अ‍ॅलनिन तयार करणाऱ्या विकराचे जनुकही त्याच्याच शेजारी असते, आणि अशा लगतच्या सहकारी जनुकांना जनुकसमूह म्हणतात. 2013 मध्ये या बुरशीचा जीनोम प्रसिद्ध झाला. कीटकाचा रक्तद्रव असलेल्या माध्यमात बुरशी वाढवल्यास या जनुकसमूहातील काही जनुके अधिक सक्रिय होतात, ही त्या अभ्यासातली सर्वांत बोलकी नोंद होय.