संचकार झाला, कर्ज अडलं

बेळगावच्या शहापुरातलं घर विकायला निघालं, गिऱ्हाईक मिळालं, संचकार, म्हणजे इसार देऊन करार, झाला. तीन महिन्यांत खरेदी करायची असं ठरलं आणि घेणाऱ्याने बँकेचं मंजुरीपत्रही दाखवलं. तरी मुदत उलटून जाते आणि पैसे येत नाहीत. मग विकणारा घेणाऱ्यावर चिडतो, घेणारा बँकेवर. पुष्कळदा अडचण मात्र विकणाऱ्याच्याच कपाटातल्या कागदांत असते.

गृहकर्ज दोन पायऱ्यांनी मंजूर होतं. आधी बँक माणूस तपासते: पगार, आयकर विवरणपत्रं, जुन्या कर्जांचे हप्ते. हे बहुधा लवकर उरकतं आणि मंजुरीपत्र हातात पडतं. त्यानंतर घर तपासलं जातं. बँकेचा वकील मालकीची साखळी पाहतो, अभियंता बांधकाम आणि किंमत पाहतो. दोघांचे अहवाल बिनतक्रार आल्याशिवाय बँक रक्कम सोडत नाही.

शहापुरात ही साखळी जोडणं किचकट आहे, त्याला इतिहास कारण आहे. बेळगाव शहर ब्रिटिश अमलात होतं, तर त्याला लागून असलेलं शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात. पुढे मुंबई राज्य आणि 1956 पासून म्हैसूर, म्हणजे आजचं कर्नाटक. एकाच घराचे कागद त्यामुळे मोडीत, मराठीत आणि कानडीत सापडू शकतात. वकील साधारणपणे तीस वर्षांचा इतिहास मागतात. पण वाडा तीन पिढ्यांत विकलाच गेला नसेल, तर शेवटचा दस्त आजोबा-पणजोबांच्या काळातला निघतो आणि तिथपासून आजपर्यंतचा वारसा दाखवावा लागतो.

आणि वारसा म्हणजे फक्त भाऊ नव्हेत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना वाटा देणारी दुरुस्ती कर्नाटकाने 1994 मध्येच लागू केली. केंद्राचा कायदा 2005 मध्ये बदलला आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. घरातल्या घरात तोंडी वाटणी झाली, उताऱ्यावर भावांची नावं लागली, बहिणींना कुणी विचारलंच नाही, अशा मिळकतीवर बँकेचा वकील बहिणींच्या सह्या मागतो. ते योग्यच आहे. एखादी बहीण परदेशात असेल तर मुखत्यारपत्र सहसा तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणावं लागतं, आणि त्यात आठवडे जातात.

उताऱ्याची गोष्ट वेगळी. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर एक क्षेत्रफळ, महापालिकेच्या खात्यावर दुसरं, नावाच्या स्पेलिंगमध्ये तिसराच घोळ! कर्नाटकात 2024 मध्ये नोंदणीसाठी ई-खाता, म्हणजे मिळकतीचं डिजिटल खातं, सक्तीचं झाल्यापासून अशी तफावत लपत नाही. मिळकतीवरचा बोजा दाखवणारी ईसी आता राज्याच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर मिळते. पण 2024 च्या डिसेंबरात आणि 2025 च्या जानेवारीत या पोर्टलवर सायबर हल्ले झाले, तेव्हा राज्यभरातली नोंदणीच मंदावली. असा उशीर कुणाच्याच हातात नसतो.

किंमतही आडवी येते. समजा सौदा 60 लाखांना ठरला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, म्हणजे इथे 48 लाख. पण वरचा मजला परवानगीविना चढवलेला असेल आणि अभियंत्याने मूल्य 50 लाखच धरलं, तर कर्ज 40 लाखांवर येतं. वरचे आठ लाख उभे करायला घेणाऱ्याला वेळ लागतो. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च आणखी वेगळा.

विकणाऱ्याचंच कर्ज बाकी असेल तर मूळ दस्त त्याच्या बँकेत अडकलेले असतात. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत द्यायचे, आपल्या चुकीने उशीर केला तर दिवसाला 5000 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. पण हे 30 दिवस संचकाराच्या मुदतीत धरायला हवेत.

मुदत संपली म्हणून सौदा आपोआप मोडला, असं धरून दुसऱ्याला घर विकणं धोक्याचं आहे. स्थावर मिळकतीच्या करारात मुदत हाच गाभा असल्याचं गृहीत धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1992 मध्ये सांगितलं. ते कराराच्या शब्दांवरून आणि परिस्थितीवरून ठरतं. संचकाराच्या रकमेचंही तेच. सत्तर लाखांच्या एका व्यवहारात खरेदीदार मागे हटल्यावर सर्वोच्च न्यायालयाने सात लाखांची रक्कम विकणाऱ्याकडे राहू दिली (2012), कारण करारात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं.

म्हणून कर्जावर अवलंबून असलेल्या सौद्यात काही कलमं आधीच बोलून लिहावीत. कर्ज नामंजूर झालं तर संचकार पूर्ण परत करायचा की काही कापून? घेणाऱ्याचे कागद अपुरे असले तर मुदत किती वाढणार, आणि विकणाऱ्याच्या उताऱ्यामुळे उशीर झाला तर किती? ही बोलणी करण्याआधी विकणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने वकिलाकडून शोध अहवाल करून घ्यावा, मोडी दस्ताचं लिप्यंतर करून ठेवावं आणि बहिणींशी बोलावं.