ऑफरोडिंगसाठी वॉकीटॉकी घेताय? किलोमीटर नंतर, फ्रिक्वेन्सी आधी बघा

पावसाळा सुरू झाला की सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर थार, जिम्नी आणि जुन्या जिप्सींचे ताफे निघतात. घाटात मोबाइलला रेंज नसते. शेवटची गाडी चिखलात रुतते आणि पहिली दोन वळणं पुढे निघून गेलेली असते. अशा वेळी वॉकीटॉकी कामी येतो, कारण त्याला टॉवर लागत नाही. एका संचातून निघालेल्या लहरी थेट दुसऱ्या संचापर्यंत जातात.

म्हणून ग्रुपमधला कुणीतरी ऑनलाइन शोधतो, ‘रेंज ३० किमी’ वाचतो आणि सहा संच मागवतो. इथेच चूक होते.

कोणता संच कायदेशीर?

भारतात रेडिओ संच वापरणंच नाही, तर परवान्याशिवाय बाळगणंही बेकायदा आहे. काही पट्ट्यांना मात्र सूट आहे. २०१८च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. ऑफरोडिंगच्या ग्रुपसाठी हाच सोपा पर्याय.

२७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा ‘सिटिझन बँड’ही परवानामुक्त आहे, पण तिथे अँटेना संचातच बसवलेला असावा लागतो. या पट्ट्यातल्या लहरींची लांबी सुमारे ११ मीटर असल्याने छोट्या अँटेनावर त्या नीट चालत नाहीत.

स्वस्तातले अनेक चिनी संच १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्झच्या पुढचा मोठा पट्टा पकडतात. तिथे पोलीस आणि इतर यंत्रणांचंही काम चालतं, त्यामुळे हे संच सुटीत बसत नाहीत. अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेली जोडी बहुधा ४६२ ते ४६७ मेगाहर्ट्झवर चालते. तिथे तिला परवानगी असली, तरी इथे ती सूट लागू होत नाही.

हॅम परवाना काढला तर?

हॅम रेडिओसाठी सरकारी परीक्षा असते आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून ती देता येते. पण हॅम ऑपरेटर फक्त परवानाधारकांशीच बोलू शकतो. ग्रुपमधल्या एकाकडे परवाना असून भागत नाही, प्रत्येक गाडीत परवानाधारक लागतो.

मग ‘३० किमी’ कुठून येतात?

दोन डोंगरमाथ्यांवर उभं राहून, मध्ये काहीही आडवं नसताना मोजलं तर असे आकडे मिळतात. ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. सपाट मैदानात दीड मीटर उंचीवरून क्षितिज साडेचार किलोमीटरवर असतं, म्हणजे दोन माणसांमधली सरळ रेषा नऊ किलोमीटरच्या आसपास तुटते. हे झालं कागदावर. झाडी, कडे आणि गाडीचा पत्रा आला की कमी शक्तीच्या संचाची रेंज एक-दोन किलोमीटरवर येते. घाटाच्या वळणाआड त्याहूनही कमी.

पण ताफ्याला तेवढं पुरतं, कारण पुढची गाडी मागच्या गाडीची वाट बघत जाते.

घेताना काय तपासायचं?

– फ्रिक्वेन्सी ४४६.० ते ४४६.२ आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. मे २०२५मध्ये आलेल्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑनलाइन विक्रेत्याने फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती देणं बंधनकारक आहे. ती नसेल तर संच घेऊ नका.
– ‘ईटीए’, म्हणजे केंद्राच्या डब्ल्यूपीसी विभागाची उपकरण-मान्यता हवी.
– आयपी६७ दर्जा असेल तर संच एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. ओढा ओलांडताना हे महत्त्वाचं.
– गाडीतल्या यूएसबीवर चार्ज होणारा किंवा साध्या सेलवर चालणारा संच बरा.
– जाडे हातमोजे घालूनही दाबता येईल असं मोठं बटण हवं.

‘प्रायव्हसी कोड’साठी जास्त पैसे मोजू नका. त्याने इतरांचं बोलणं तुमच्या स्पीकरवर येत नाही इतकंच. तुमचं बोलणं त्याच चॅनेलवरचा कुणीही ऐकू शकतो. आवाजाने आपोआप सुरू होणारी सोयही नको, इंजिनच्या घरघरीने संच उघडाच राहतो.

वापरताना

संच कमी असतील तर पहिला सर्वात पुढच्या गाडीत आणि दुसरा सर्वात मागच्या गाडीत द्या. बटण दाबून एक सेकंद थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आवाज तुटत असेल तर संच खिडकीबाहेर धरा किंवा गाडी थांबवून उंचावर जा.

वॉकीटॉकी ताफ्यापुरताच आहे, त्यावरून रुग्णवाहिका बोलावता येत नाही. त्यावर उपाय म्हणून परदेशी सॅटेलाइट फोन सोबत नेणं तर आणखी धोक्याचं, कारण भारतात तोही परवानगीशिवाय बाळगता येत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी घरी कुणाला तरी मार्ग आणि परतायची वेळ सांगून ठेवा, आणि वाटेत शेवटचं नेटवर्क कुठे मिळालं ते लक्षात ठेवा.